हिरव्या पाण्यातले डबे

पारा माझ्याशी बोलत नव्हता, आणि त्याच्या न बोलण्याचा आवाज घरभर ऐकू येत होता.

पारा म्हणजे माझा धाकटा दीर. हे नाव त्याला सासऱ्यांनी ठेवलं. लहानपणापासून तो एका जागी ठरत नसे. बोटाने दाबायला जावं तर दुसरीकडून निसटे. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जात होता, म्हणून मी त्याला कधी भाऊजी म्हटलंच नाही. आता त्याच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते, पण रुसण्याची पद्धत तीच. जेवताना मीठ हवं असलं की बायकोला म्हणायचा, "तुझ्या ताईंना सांग, मीठ सरकवा म्हणावं." बरणी माझ्या हाताशी आणि मी त्याच्या समोर! मग मीही म्हणायचे, "धाकटे, तुझ्या नवऱ्याला सांग, हात मिठापर्यंत पोचतो माणसाचा."

"मी काय पोस्टमन आहे का तुमची?" धाकटी म्हणायची आणि मीठ सरकवायची.

भांडण धातूंवरून झालं होतं. आमचा धंदाच तो. कारखान्यांमध्ये तांब्याच्या पत्र्यावरचं नको असलेलं तांबं ॲसिडने काढून टाकतात. ते तांबं ॲसिडात विरघळतं आणि पाणी हिरवंगार होतं. मुलामा देणाऱ्या दुसऱ्या एका कारखान्याचं पाणी निळं, मोरचुदासारखं. ही दोन्ही पाणी पिंपांतून आमच्याकडे येतात. आम्ही ती हौदात ओततो आणि त्यात जुनं लोखंड सोडतो. खिळे, पत्र्याची कातरणं, चेपलेले डबे, काहीही चालतं. लोखंड हळूहळू पाण्यात जातं आणि तांबं लाल गाळ होऊन तळाशी बसतं. तो गाळ धुवायचा, वाळवायचा आणि भट्टीवाल्याला द्यायचा.

हे असं का होतं, ते सासरे छान समजावून सांगायचे. "धातूंनाही स्वभाव असतो," ते म्हणायचे. "सोनं, चांदी, तांबं ही थंड माणसं. शिसं आणि कथील त्यांच्यापेक्षा जरा गरम. लोखंड त्याहून तापट, जस्त लोखंडाहून, ॲल्युमिनियम जस्ताच्याही वर, आणि मॅग्नेशियमच्या तर वाटेलाच जाऊ नये. बसमध्ये दांडगा माणूस चढला की गरिबाला उठवून त्याच्या जागेवर बसतो ना, तसं हे. लोखंड पाण्यात चढलं की तांब्याला उठवतं."

पाऱ्याने हे लहानपणापासून ऐकलं होतं, आणि त्याचा प्रश्न सरळ होता. दांडगाच हवा असेल तर सगळ्यांत दांडगा का घेऊ नये? लोखंडाला दोन-तीन दिवस लागतात. पिंपांची रांग गल्लीपर्यंत गेली होती. ॲल्युमिनियम हेच काम तासाभरात करील, असं त्याचं म्हणणं.

एके संध्याकाळी त्याने काचेच्या ग्लासात निळं पाणी आणलं, थंड पेयाच्या डब्याचा एक तुकडा कापून त्यात टाकला आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. आम्ही बघत बसलो. तुकडा टाकला तसाच लखलखीत राहिला. माझ्याने राहवलं नाही. मी म्हणाले, "अरे, तुझा पैलवान आखाड्यात उतरून झोपला की!" आमचे हे हसले, धाकटीही हसली. पारा लाल झाला. त्याने चिमूटभर मीठ आणून ग्लासात टाकलं आणि पुन्हा बसला. खरंच, थोड्या वेळाने त्या तुकड्यावर लाल लव धरली, बुडबुडे आले, ग्लास हाताला ऊन लागू लागला. त्याने ग्लास उंच धरून "बघा!" म्हटलं, तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं. आम्ही जेवायला बसलो होतो.

"ग्लासात होतं ते हौदात होईलच असं नाही," मी ताटावरूनच म्हणाले.

"लोखंडच राहू दे," हे म्हणाले. "ही म्हणते ते बरोबर आहे."

"या घरात कायम हीच बरोबर," पारा म्हणाला. त्यानंतर त्याचं माझ्याशी बोलणं बंद.

आता मागे वळून पाहिलं तर गोष्ट साधी होती. ॲल्युमिनियमच्या अंगावर त्याचीच एक पातळ, चिवट कातडी असते. ती शाबूत असेतो तो धातू कुणाच्या अध्यात ना मध्यात. निळ्या पाण्यात ती कातडी तशीच राहते. मीठ पडलं की फाटते, आणि मग आतला खरा स्वभाव बाहेर येतो. हौदातलं पाणी हिरवं होतं. हिरव्या पाण्यात मिठाचाच भाऊबंद भरलेला असतो, वर ॲसिड. डब्यावरचा रंग उतरायला लागेल तेवढाच काय तो उशीर. पण हा विचार ना त्याच्या डोक्यात आला होता, ना माझ्या. मी आपली भीतीपोटी नाही म्हणत होते, एवढंच.

नंतर एके दिवशी आमचे हे गाळ घेऊन भट्टीवर गेले होते. मी घरचं आवरून कारखान्यात आले तेव्हा शटर अर्धंच वर होतं. आमचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली. आत जमिनीत खणलेले दोन हौद, माणूस आत उभा राहिला तर डोकं दिसणार नाही इतके खोल. दोघांच्या मध्ये एकच भिंत, आणि ती बाकीच्या कठड्यांपेक्षा थोडी बुटकी. सासऱ्यांनी मुद्दामच तशी बांधली होती. एक हौद उतू गेला तर माल जमिनीवर न सांडता दुसऱ्यात जावा.

शटरजवळ चेपलेल्या डब्यांचे दोन गठ्ठे असायचे. एक लोखंडी पत्र्याच्या डब्यांचा, हौदासाठी. दुसरा ॲल्युमिनियमचा, तो तसाच विकायचा. मी वाकून आत शिरले तर दुसऱ्या गठ्ठ्याची तार कापलेली, आणि गठ्ठा अर्धा गायब.

धाकटी मोरीपाशी गाळ धूत होती. पलीकडच्या रिकाम्या हौदातून फावड्याचा खरवडण्याचा आवाज येत होता, आणि मध्येच शीळ.

"स्वारी खुशीत दिसते," मी म्हणाले.

"सकाळपासून," धाकटी म्हणाली. "म्हणाले, आज एका माणसाला गंमत दाखवायची आहे. हौदात डबे सोडले आणि बसले की कठड्यावर, सिनेमाला बसावं तसे. काही नाही झालं. शेवटी कंटाळले आणि उतरले गाळ काढायला."

"कुठले डबे सोडले?"

"मला काय माहीत? डबे ते डबे."

हौदाच्या कडेला एक डबा पडला होता. आमच्याकडे काठीला बांधलेलं लोहचुंबक असतं, माल निवडायला. मी ते त्या डब्याला लावलं. चुंबक त्याच्यावरून घसरलं, काचेवरून घसरावं तसं.

मी हिरव्या हौदात डोकावले. पाणी काठाच्या खाली वीतभर. छतातल्या कप्पीची साखळी सरळ पाण्यात गेली होती, तिच्या टोकाला डब्यांनी भरलेला प्लास्टिकचा जाळीदार क्रेट. वर काहीच हालचाल नव्हती. कडेने फेसाची एक बारीक रेघ, बस्स. मी हौदाच्या कठड्याला आतून हात लावला. मांजर उठून गेल्यावर उशी लागते, तसा कठडा कोमट लागला. आमचा हौद कधी कोमट लागत नाही. लोखंडाला तेवढा जोर नसतो.

मग मला साखळी दिसली. ती थरथरत होती.

"पारा!" मी ओरडले. "वर ये. आत्ताच्या आत्ता वर ये."

शीळ थांबली. फावडं थांबलं नाही.

"पारा, ऐकतोस का? हौद तापलाय!"

खालून आवाज आला, पण तो मला उद्देशून नव्हता. "ए, ऐकलंस का गं?" तो बायकोला म्हणाला. "कुणीतरी म्हणतंय हौद तापलाय. कालपर्यंत पैलवान झोपला होता म्हणे!"

"धाकटे, नवऱ्याला वर बोलव तुझ्या."

"ताई, आता इथेही?" ती हात पुसत म्हणाली. "घरात मीठ, इथे हौद. माझ्यामार्फत भांडू नका हो."

"अगं, भांडत नाहीये मी! इकडे ये, बघ."

ती आली, आणि तेवढ्यात साखळीभोवती एक मोठा बुडबुडा वर येऊन फुटला. मग दुसरा. दूध उतू जायच्या आधी पातेल्याच्या मधोमध जसं उसळतं, तसं पाणी उसळू लागलं. हिरवा रंग मधोमध काळपट झाला. वाफ आली आणि नाकात तिखट झोंबली.

धाकटीचं तोंड उघडंच राहिलं. "अहो!" ती किंचाळली. "अहो, वर या!"

"येतो, एवढा कोपरा काढून," तो म्हणाला. "घाबरट आहात सगळ्या."

शिडी रिकाम्या हौदात होती, पण टेकवलेली होती मधल्या बुटक्या भिंतीला. चढणाऱ्याचं तोंड वर येणार ते नेमकं उकळत्या पाण्यासमोर. मी वाकले, शिडीच्या वरच्या पायरीला धरलं आणि तिला ओढत बाजूच्या कठड्याला नेऊन टेकवू लागले.

खालून तो खवळला. "शिडी काढता? म्हणजे आता इथपर्यंत मजल गेली?"

"काढत नाहीये, फिरवतेय!"

"मला इथे कोंडायचं? भावाला येऊ दे, सांगतोच!"

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. मधल्या भिंतीवरून पाण्याची एक जीभ आली आणि त्याच्या मागे तळाशी पडली. तळ ओला होता, तरी फस्स आवाज आला आणि वाफेचा लोट उठला. पारा मागे वळला. त्याला पहिल्यांदा भिंतीच्या वर चढलेला फेस दिसला.

"वहिनी!" तो ओरडला. "शिडी! शिडी कुठंय?"

"उजवीकडे! तिथे, तुझ्या उजव्या हाताला!"

त्याने पाऊल उचललं, पण गाळात रुतलेला गमबूट तसाच राहिला आणि पाय निसटून बाहेर आला. तो गुडघ्यावर पडला. मधल्या भिंतीवरून आता जीभ नाही, पडदाच येत होता. गरम पाणी तळावर पसरत त्याच्याकडे निघालं होतं.

वाफेने खोली भरली. खोकताना डोळ्यांत पाणी आलं, समोरचं नीट दिसेना. "पंखा लावते," धाकटी म्हणाली आणि भिंतीवरच्या बटणाकडे धावली.

"बटणाला हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की तिने हात विस्तवावरून काढावा तसा मागे घेतला. तापट धातू ॲसिडात पडला की पाण्यातून जो वायू सुटतो, तो एका ठिणगीवर पेटतो. सासरे एवढं एक वाक्य रोज म्हणायचे. "शटर वर कर. हाताने. पूर्ण!"

ती शटरला लोंबकळली. शटर कडकड करत वर गेलं आणि बाहेरचा वारा आत आला.

मी कठड्यावर पोट टेकून हात खाली सोडला. पारा उठला होता, एका पायात बूट आणि एक पाय अनवाणी. त्याने पहिली पायरी धरली. दुसरी. त्याचं मनगट माझ्या हातात आलं, घामाने आणि गाळाने बुळबुळीत. मी दोन्ही हातांनी धरलं. त्याचं वजन आलं तेव्हा माझ्या खांद्यातून कळ निघाली, पण मी सोडलं नाही. डोकं वर आलं, छाती आली.

आणि मग त्याने जे केलं ते फक्त पाराच करू शकतो. कठड्यावर एक पाय ठेवून तो हिरव्या हौदाकडे वळला. "क्रेट ओढून काढू या," तो म्हणाला. "तांबं वाया जाईल!"

"तुझं तांबं गेलं खड्ड्यात!"

त्याने साखळीला हात घातलाच. एक हिसडा दिला. खालचा क्रेट उकळीत मऊ झाला होता. तो फाटला आणि सगळे डबे एकदम मोकळे झाले. हौदाने एक मोठा श्वास घेतल्यासारखं केलं आणि पाणी त्याच्या तोंडावर आलं.

तो ओरडला नाही. त्याने दोन्ही हात डोळ्यांवर घेतले आणि जागच्या जागी उभा राहिला. ते ओरडण्यापेक्षा भयंकर होतं.

धाकटीने त्याला मागून कमरेला धरलं, मी दंडाला, आणि आम्ही त्याला ओढत गल्लीत आणलं. बाहेरच्या नळाला रबरी नळी होती. धाकटीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी नळी त्याच्या तोंडावर सोडली.

"डोळे उघड," मी म्हणाले.

"नाही उघडत."

"उघड म्हणते ना!"

"वहिनी, आग होतेय, नाही उघडत!"

"धाकटे, तू उघड त्याचे. बोटांनी. पापणी धर."

तिने पापण्या धरल्या, वर आणि खाली, आणि मी पाणी सोडत राहिले. तो लाथा झाडत होता. आमच्या मागे शटरमधून पांढरा धूर गल्लीत येत होता.

"काय हो, काय शिजवताय आज?"

आमच्या शेजारचा वेल्डर. दुकानातून धूर बघायला आला होता, आणि त्याच्या ओठांत सिगारेट होती, पेटलेली. तो सरळ शटरकडेच निघाला होता, वाकून आत डोकावायला.

बोलायला वेळ नव्हता. नळी पाऱ्याच्या तोंडावरून काढली आणि वेल्डरच्या तोंडावर सोडली. सिगारेट विझून त्याच्या दाढीला चिकटली.

"अहो बाई, वेड लागलंय का?"

"आत वायू आहे! पेटला तर तुझं दुकानही जाईल आणि आमचंही. टेम्पो काढ. डोळे गेलेत याचे. टेम्पो काढ!"

"गेलेत" हा शब्द माझ्या तोंडून निसटला आणि धाकटीने माझ्याकडे बघितलं. त्यानंतर मी नळी पुन्हा पाऱ्यावर धरली. वेल्डर नखशिखांत भिजलेला, तसाच पळाला आणि टेम्पो घेऊन आला.

आम्ही पाण्याचे कॅन भरून घेतले. टेम्पोत मागे बसून वाटभर त्याच्या डोळ्यांत पाणी ओतत होतो. तो आता लाथा मारत नव्हता. गप्प होता. मला त्याचं ते गप्प असणं सहन होत नव्हतं, मी म्हटलं, "बोल रे काहीतरी."

"काय बोलू? तुम्हीच बोला."

"डावा उघडतोय का बघ."

"डाव्याने उजेड दिसतो," तो म्हणाला. मग डावा डोळा मिटून, "उजव्याने काही नाही."

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी काही विचारायच्या आधीच सलाइनची बाटली उलटी टांगली आणि नळी त्याच्या उजव्या डोळ्यावर धरली. मग विचारलं, "डोळ्यांत नक्की काय गेलं?"

"लोखंडाचं पाणी," पारा म्हणाला. अजूनही कबुली नाही!

"ॲसिडचं पाणी. तांबं विरघळलेलं," मी म्हणाले. "त्यात ॲल्युमिनियम पडलं होतं."

"पडलं नव्हतं," धाकटी दात आवळून म्हणाली. "यांनी टाकलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी कागदाची एक निळी पट्टी काढली आणि खालची पापणी ओढून तिला अलगद टेकवली. पट्टी लाल झाली. "अजून ॲसिड आहे," त्या म्हणाल्या. "पट्टी निळी राहीपर्यंत धुवायचं. मग डोळ्याचं काय ते बघू."

सलाइनची दुसरी बाटली लागली. पारा पलंगाचा कठडा धरून पडला होता, बोटं पांढरी झालेली. पट्टी टेकवली. लाल. पण जरा फिकी, असं मला वाटलं. मी धाकटीला तसं म्हणाले नाही. तिसरी बाटली. बाटलीतून थेंब पडत होते आणि उशीखालच्या ताटात जमत होते. वेल्डर दाराशी उभा होता, त्याच्या कपड्यांतून पाणी गळत होतं, आणि तोही त्या पट्टीकडेच बघत होता.

पुन्हा पट्टी. कोपरा किंचित लालसर झाला आणि तिथेच थांबला.

"आणखी एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चौथ्या बाटलीनंतर त्यांनी पट्टी टेकवली, उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी बघितली. ती निळी होती. डाव्या डोळ्याची पट्टीही निळी. त्यांनी टॉर्च घेतला, पापणी उचलली, आणि आत बराच वेळ बघत राहिल्या.

"वरचा थर भाजलाय," त्या म्हणाल्या. "बुबुळ आहे तसं आहे. आता डावा डोळा झाका. उजव्याने समोर बघा. काय दिसतंय?"

"धुकं."

"धुक्यात काही?"

तो बघत राहिला. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. धाकटीने त्याच्याकडे मान वळवली आणि लगेच परत फिरवली, जणू तिच्या बघण्याने त्याला उत्तर कळेल.

"चौकोन आहे," पारा म्हणाला. "चित्र. काहीतरी तिरकं." आणि मग, एकेक शब्द चाचपत, "होडी आहे. शिडाची. पांढऱ्या शिडाची."

शीड पिवळं होतं. मी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं.

"रंग यायला दिवस लागतील," त्या म्हणाल्या आणि औषधाचे थेंब घालायला वाकल्या. "होडी आहे ना? मग झालं."

धाकटीने त्याचा हात धरला होता, तो तिने आणखी घट्ट धरला. मी भिंतीला टेकून तिथेच फरशीवर बसले.